पीकविम्याच्या गर्दीत आलेली जाहिरात : एका सेवा केंद्राच्या संगणकाचा प्रकरण अभ्यास

परभणी जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावात, बसस्थानकाजवळच्या गाळ्यात चालणाऱ्या सेवा केंद्राच्या संगणकाचे हे प्रकरण आहे. केंद्राची आणि चालकाची ओळख येथे दिलेली नाही. जिंतूर असो, औसा असो की लोहा, मराठवाड्यात अशा केंद्रांची मांडणी आणि कामाची पद्धत इतकी सारखी आहे की एका ठिकाणी घडलेले दुसरीकडे का घडू शकेल, हे निराळे सांगावे लागत नाही. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमिलेअर, फार्मर आयडी, वीजबिल, आधारवरून पैसे काढणे आणि जुलैत खरिपाचा पीकविमा ही सगळी कामे दोन संगणकांवर होतात, आणि त्या दोन संगणकांत गावातल्या कितीतरी घरांची कागदपत्रे साठलेली असतात. जाहिरातीच्या वाटेने झालेल्या एका घुसखोरीची इतकी सविस्तर नोंद करावीशी वाटली ती यामुळेच. संगणक दुरुस्ती आणि प्रशिक्षण हे माझे काम असल्याने तपासणीसाठी मला बोलावण्यात आले होते.

केंद्राची आधीची स्थिती

केंद्रात चालक स्वतः आणि त्यांच्या हाताखाली बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी एक मदतनीस मुलगी, अशी दोनच माणसे काम करतात. मुख्य संगणकावर विंडोजचे एकच खाते होते, त्याला सर्व अधिकार होते आणि पासवर्ड नव्हता, कारण दोघांनाही सारखे उठबस करून काम करावे लागे. ब्राउझरमध्ये पोर्टलचे लॉगिन, केंद्राचा ई-मेल, वॉलेट आणि वीजबिल भरण्याचे खाते असे सगळे पासवर्ड साठवून ठेवलेले होते. डेस्कटॉपवर ‘कस्टमर’ नावाचे फोल्डर होते आणि त्यात आधार, पासबुकाचे पहिले पान, सातबारा, आठ-अ यांच्या स्कॅन केलेल्या प्रती वर्षानुवर्षे साचल्या होत्या. विंडोजसोबत येणारा डिफेंडर चालू होता. संगणक विकत घेताना मिळालेल्या दुसऱ्या अँटिव्हायरसची मुदत कधीच संपली होती.

यात निष्काळजीपणा दिसतो, पण त्यामागची कारणे समजून घ्यायला हवीत. थंब मशीनचा, म्हणजे अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या यंत्राचा, ड्रायव्हर (ते यंत्र संगणकावर चालवणारे सॉफ्टवेअर) नव्याने टाकावा लागला की विंडोज निळ्या चौकटीत इशारा देते, आणि ‘मोअर इन्फो’ व मग ‘रन एनीवे’ दाबल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. अधिकृत कामासाठीच जी सूचना पुन्हा पुन्हा बाजूला सारावी लागते, ती सूचना धोक्याच्या वेळी थांबवेल अशी अपेक्षा कोणाकडूनही करता येत नाही. या प्रकरणाचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

बुधवारी जे दिसले

पीकविम्याची मुदत संपत आली होती आणि गाळ्याबाहेर रांग होती. दुपारी चालक तहसीलमध्ये गेलेले असताना मुख्य संगणकाचा पडदा अचानक पूर्ण भरला. लाल-निळ्या चौकटी उघडल्या, मायक्रोसॉफ्टच्या चिन्हासारखे चिन्ह आले, भोंगा वाजू लागला आणि इंग्रजीत बोलणारा आवाज संगणक बंद न करण्याची आज्ञा देऊ लागला. पडद्यावर मदतीसाठी म्हणून एक फोन नंबर होता. मुलीने चालकांना फोन लावला : “सर, कंप्युटर आपोआप बोलायलाय, बंदच होईना.” फोन लागला, पण तहसीलमधल्या गोंगाटात बोलणे नीट झाले नाही, म्हणून तिने पडद्यावरच्या नंबरला फोन केला. पलीकडच्या माणसाने अत्यंत सौम्यपणे तिला दुसऱ्या ठिकाणाहून संगणक चालवण्याचे सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला सांगितले. ते उतरत असतानाच चालक परतले आणि त्यांनी राउटरची वायर काढली.

मुलीवर कोणी रागावले नाही, ही या प्रकरणातली चांगली गोष्ट आहे. ती घाबरून गप्प बसली असती तर पुढचे काहीच उलगडले नसते. तिला एवढेच माहीत नव्हते की मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. ही एक गोष्ट ठाऊक असती तर भोंगा कितीही वाजला तरी फोन झाला नसता. असा पडदा म्हणजे ब्राउझरचे पूर्ण पसरवलेले एक पान असते आणि कीबोर्ड अडकल्यासारखा भासवणे हा त्याचा डाव असतो. एस्केपची कळ काही सेकंद दाबून धरली, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला, तर तो जातो. ब्राउझर पुन्हा उघडताना जुनी पाने परत उघडू द्यायची नाहीत, एवढे मात्र पाहावे लागते.

चालकांचा आणि शेजारच्या दुकानदारांचा समज असा झाला की हल्ला बुधवारी झाला आणि वेळेवर वायर काढल्याने टळला. मला बोलावले तेही ‘एकदा बघून घ्या, परत आवाज यायला नको’ एवढ्यासाठी. तपासणीत मात्र असे दिसले की बुधवारचा भोंगा हा प्रकरणाचा कमी धोक्याचा भाग होता. खरे नुकसान सोमवारी, काहीही आवाज न होता झालेले होते.

सोमवारी जे घडले

ब्राउझरच्या इतिहासात वेळेसह नोंदी असतात आणि त्या पुसलेल्या नव्हत्या. सोमवारी सकाळी एका शेतकऱ्याची कागदपत्रे अपलोड होईनात, कारण पासबुक आणि सातबाऱ्याची पीडीएफ पोर्टलच्या मर्यादेपेक्षा मोठी झाली होती. काउंटरवरून घाई होत होती : “दादा, चार वाजता गाडी हाय, तेवढं आमचं उरकून द्या.” चालकांनी पीडीएफ लहान करण्याचे साधन शोधले. शोधाच्या पानावर सर्वांत वर ‘प्रायोजित’ असे बारीक अक्षरांत लिहिलेला दुवा होता, आणि तो मूळ साधनाचाच असावा असे त्याचे शीर्षक होते. त्यावर टिचकी मारल्यावर उघडलेल्या पानावर दोन गोष्टी एकामागून एक झाल्या.

पहिली अशी की तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी ‘अलाऊ’ दाबा, असे पानाने सांगितले. ते बटण माणूस ओळखण्याचे नव्हते. त्या संकेतस्थळाला संगणकाच्या कोपऱ्यात सूचना दाखवण्याची परवानगी देणारे होते. मंगळवारभर ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडले’ अशा चौकटी कोपऱ्यात येत राहिल्या, बुधवारी त्यांपैकी एकीवर चुकून टिचकी बसली आणि भोंग्याचे पान उघडले. म्हणजे बुधवारचा गोंधळ सोमवारी दिलेल्या परवानगीतून आला होता.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. पानावरचे मोठे हिरवे ‘डाउनलोड’ बटण दाबल्यावर जी फाइल उतरली, तिच्या नावात पीडीएफ असा शब्द असला तरी ती चालणारी प्रणाली, म्हणजे ईएक्सई फाइल होती. विंडोजच्या मूळ सेटिंगमध्ये फाइलचा प्रकार सांगणारे नावातले शेवटचे टोक लपवलेले असते, त्यामुळे ती वेगळी ओळखता आली नाही. निळी चौकट आली, सवयीने ‘रन एनीवे’ दाबले गेले, आणि एक साधी खिडकी उघडून तिने पीडीएफ खरोखर लहान करून दिली. हे काम नीट झाल्यामुळेच संशय आला नाही. शेतकऱ्याचा अर्ज भरला गेला, त्याला पावती मिळाली आणि चार वाजताची गाडी चुकली नाही.

डाउनलोड फोल्डर, ठरलेल्या वेळी आपोआप कामे चालवणारा विंडोजचा टास्क शेड्युलर आणि डिफेंडरची नोंदवही तपासल्यावर पुढचा प्रकार समजला. त्या प्रणालीने सर्वाधिकाराचा फायदा घेऊन डिफेंडरच्या तपासणीतून वगळण्याच्या यादीत संपूर्ण सी ड्राइव्ह टाकला होता. डिफेंडर चालू असल्याचे हिरवे चिन्ह दिसत होते, पण तो काहीच तपासत नव्हता. टास्क शेड्युलरमध्ये एखाद्या अपडेटसारखे नाव असलेले एक काम दर लॉगिनला चालावे असे लावलेले होते. ब्राउझरमध्ये ‘पीडीएफ’ नावाचे एक अनोळखी एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडले जाणारे छोटे सॉफ्टवेअर, आलेले होते. केंद्राच्या ई-मेलमध्ये लॉगिनसंबंधीचे इशारे थेट कचरापेटीत टाकणारा एक फिल्टर कोणीतरी बसवला होता, आणि त्या कचरापेटीत सोमवारच्या रात्रीचे, अनोळखी यंत्रावरून लॉगिन झाल्याचे पत्र पडलेले होते.

ई-मेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली असूनही हे घडले, यावर चालकांचा विश्वास बसेना. माहिती चोरणारे हे प्रकार पासवर्डसोबत ब्राउझरमधील कुकीही उचलतात. एकदा लॉगिन झाल्यावर संकेतस्थळ ज्या कुकीवरून आपल्याला ओळखते, तीच दुसऱ्याच्या हाती गेली की त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. तो आधीच आत आलेला असतो. वॉलेटच्या बाबतीत मात्र प्रत्येक व्यवहाराला मोबाइलवर ओटीपी लागत असल्याने तेथे पैसे गेले नाहीत. मंगळवारी पहाटे दोन ओटीपी आले होते आणि ते कंपनीच्या जाहिरातीचे असतील असे समजून चालकांनी ते दुर्लक्षिले होते.

जाहिरात तिथपर्यंत येते कशी

चालकांचा रास्त प्रश्न होता की शोधाच्या पानावर सर्वांत वर दाखवलेला दुवा खोटा कसा असू शकतो. जाहिरातीची जागा पान उघडत असताना, सेकंदाच्याही अंशात, लिलावाने विकली जाते. मोंढ्यात सोयाबीनची बोली लागते तेव्हा निदान ढीग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. इथे जागा विकणाऱ्याने जाहिरात पाहिलेली नसते आणि जाहिरात देणाऱ्याने वाचक पाहिलेला नसतो. मध्ये अनेक मध्यस्थ असतात. तपासणी होते, पण चोरटे तपासणाऱ्या यंत्रणेला एक निरुपद्रवी पान दाखवतात आणि ठरावीक देशातून, ठरावीक वेळी, विंडोजवरून येणाऱ्या माणसाला दुसरे. तक्रार करणाऱ्याने पुन्हा तोच दुवा उघडला तर पुष्कळदा त्यालाही निरुपद्रवी पानच दिसते, आणि त्यामुळे तक्रारीचा पुरावा उरत नाही. बुधवारी तो दुवा मी वेगळ्या यंत्रावर उघडला तेव्हा अगदी हेच झाले.

हा प्रकार नवा नाही आणि फक्त फालतू संकेतस्थळांपुरता नाही. सप्टेंबर २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संकेतस्थळावर इंटरनेट-टेलिफोन सेवा देणाऱ्या एका कंपनीच्या नावाने जागा विकत घेतली गेली, आधी खऱ्यासारख्या जाहिराती दाखवल्या गेल्या आणि शनिवार-रविवारी त्या जागी खोट्या अँटिव्हायरसचे इशारे आले. मार्च २०१६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘बीबीसी’ आणि ‘एओएल’ यांच्या पानांवर एकाच मोहिमेतील घातक जाहिराती पोहोचल्या. त्यांमागे ‘अँगलर’ नावाचे साधन होते आणि ब्राउझरमध्ये चित्रफिती चालवणारे फ्लॅश किंवा सिल्व्हरलाइट जुने असलेल्या संगणकावर टिचकी न मारताही शिरकाव होत असे. फ्लॅशचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, ब्राउझर अधिक भक्कम झाले, आणि चोरट्यांनी यंत्रातले भोक शोधण्याऐवजी माणसाच्या हातून बटण दाबून घेण्याकडे मोर्चा वळवला. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये शोधाच्या पानावरील खोट्या जाहिरातींबद्दल जाहीर इशारा दिला आणि त्यात जाहिराती रोखणारे एक्स्टेन्शन वापरण्याचा सल्ला दिला. मार्च २०२५ मध्ये त्याच संस्थेच्या डेन्व्हर कार्यालयाने फाइलचे स्वरूप बदलून देणाऱ्या मोफत साधनांविषयी सावध केले. डिसेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टला आढळलेल्या एका मोहिमेत बेकायदा चित्रपट दाखवणाऱ्या संकेतस्थळांवरील जाहिरातींतून जगभरातील सुमारे १० लाख यंत्रांपर्यंत घातक प्रणाली पोहोचली होती.

या सगळ्यातून माझे मत असे झाले आहे की ‘नीट बघून टिचकी मारा’ हा उपदेश अशा केंद्रासाठी पुरेसा नाही. प्रायोजित दुव्याशेजारच्या तीन टिंबांवर गेले तर जाहिरात कोणी दिली ते पाहता येते, हे खरे आहे. पण बाहेर रांग आहे, सर्व्हर मध्येच बंद पडतो, एका हाताने थंब घेतला जातो आहे, अशा स्थितीत ते कोणी पाहणार नाही. उपाय असा हवा की जाहिरात पडद्यावर येऊच नये, आली तरी तिला काही बसवता येऊ नये, आणि बसवलेच तरी तिच्या हाती मोलाचे काही लागू नये.

नुकसान थोपवण्याचा क्रम

संगणक इंटरनेटपासून तोडलेला होताच. तो तसाच ठेवला. पासवर्ड त्या संगणकावरून बदलायचे नाहीत, हे प्रथम ठरवले, कारण चोर आत असताना नवे कुलूप लावले तर नवी किल्लीही त्यालाच मिळते. चालकांच्या मोबाइलवरून आधी ई-मेलचा पासवर्ड बदलला, सर्व यंत्रांवरून बाहेर पडण्याचा पर्याय वापरून चोरलेली कुकी निकामी केली, फिल्टर काढला, आणि पर्यायी मोबाइल नंबर व ई-मेल कोणी बदलले नाहीत ना हे पाहिले. पोर्टलचे पासवर्ड ई-मेलवरून पुन्हा लावता येतात, म्हणून ई-मेलचा क्रम पहिला. त्यानंतर वॉलेट, बँक, मग पोर्टल असे जाताना संध्याकाळ झाली.

वॉलेट कंपनीला आणि बँकेला लेखी कळवले. पैसे गेलेले नसताना बँकेला कशाला कळवायचे, असा चालकांचा प्रश्न होता. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसून तिसऱ्याच ठिकाणच्या बिघाडामुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार येत नाही; उशीर झाला तर भार वाढत जातो. पुढे काही घडलेच तर आपण कधी कळवले याची तारखेसह नोंद हवी. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रारही नोंदवली. पैसे गेले असते तर सर्वांत आधी १९३० या क्रमांकावर फोन करावा लागला असता, कारण तिथून पुढच्या खात्यात गेलेली रक्कम गोठवण्याची संधी पहिल्या काही तासांत जास्त असते.

सर्वांत अवघड प्रश्न ‘कस्टमर’ फोल्डरचा होता. त्यातल्या प्रती बाहेर गेल्या की नाही हे सिद्ध करण्याचे साधन आमच्याकडे नव्हते, आणि अशा वेळी गेल्या आहेत असे धरून चालणे मला योग्य वाटते. ज्यांची कागदपत्रे नुकतीच घेतली होती त्यांना चालकांनी स्वतः फोन केले. थंब मशीनमध्ये ठसा घेतानाच तो सांकेतिक रूपात बदलून पुढे जातो, त्यामुळे ठशांची चोरी या वाटेने होत नाही, हे त्यांना सांगितले. तरीही आधारची बायोमेट्रिक कुलूपबंद करण्याची सोय आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आणि एमआधार अ‍ॅपमध्ये आहे, आणि ज्यांना हवी होती त्यांना ती करून दिली. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने ही गोष्ट दडवली जाते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. इथे चालकांनी ती उघड केली, याचा मला मनापासून आदर वाटतो. लोकांनी आपली कागदपत्रे विश्वासाने दिलेली असतात आणि धोका कळण्याचा पहिला हक्क त्यांचाच आहे.

संगणक साफ करायचा की नव्याने उभा करायचा, यावर थोडी चर्चा झाली. मुदतीच्या दिवसांत संगणक बंद ठेवणे म्हणजे रोजचे उत्पन्न बुडवणे होते, आणि घातक फाइल काढून टाकली की काम झाले असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु ज्या संगणकावर अनोळखी प्रणालीला सर्वाधिकार मिळाले होते आणि ज्याचा पहारेकरीच आंधळा केला गेला होता, त्यात आणखी काय दडले आहे याची खात्री देता येत नाही. कागदपत्रांच्या फाइली तपासून बाजूला घेतल्या, चालणारी एकही प्रणाली घेतली नाही, आणि दुसऱ्या स्वच्छ संगणकावर तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून विंडोज मुळापासून बसवले. दरम्यानची कामे चालकांच्या मेहुण्याच्या लॅपटॉपवर झाली.

नवी मांडणी

सर्वांत उपयुक्त ठरलेला बदल संगणकातला नव्हताच. पीडीएफ मोठी का होत होती हे पाहिले, तर स्कॅनर ६०० डीपीआयवर (एका इंचात इतके ठिपके) आणि रंगीत लावलेला होता. तो १५० ते २०० डीपीआय आणि करड्या छटांवर आणल्याबरोबर सातबारा आणि पासबुक पोर्टलच्या मर्यादेत बसू लागले, अक्षरेही स्पष्ट राहिली. ज्या गरजेपोटी त्या सोमवारी शोध घेतला गेला, ती गरजच उरली नाही. आधीच मोठी असलेली फाइल कोणी मोबाइलवर घेऊन आले तर लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडून, चित्रांची घनता कमी करून पुन्हा पीडीएफ काढता येते; हे सॉफ्टवेअर मोफत आहे, संगणकातच चालते आणि गिऱ्हाइकाचे आधार कुठल्या परक्या सर्व्हरवर चढवावे लागत नाही. दुरुस्तीला बसण्यापूर्वी मी आता प्रत्येक केंद्रात हे विचारतो की इंटरनेटवर शोधून मोफत साधन उतरवण्याची वेळ कोणत्या कामासाठी येते, कारण चोरटे नेमके तेच शब्द विकत घेतात.

ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन बसवले. रेमंड हिल यांनी तयार केलेले, जाहिराती रोखणारे हे मोफत एक्स्टेन्शन फायरफॉक्सवर पूर्ण ताकदीने चालते. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून तिथे त्याची ‘लाइट’ आवृत्ती मिळते. ते ब्राउझरच्या अधिकृत दालनातूनच घ्यावे लागते, कारण जाहिराती रोखण्याच्या नावानेही खोटी एक्स्टेन्शन निघालेली आहेत. पीकविमा किंवा दाखल्याचे पोर्टल यामुळे अडेल अशी चालकांना भीती होती. तसे झाले नाही. एका ठिकाणी पावतीची खिडकी उघडेना, तेव्हा त्या एका संकेतस्थळापुरती सूट दिली. मराठी बातम्यांची संकेतस्थळे जाहिरातींवर चालतात आणि त्या सरसकट रोखल्याने त्यांचे उत्पन्न घटते, हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण गावाची कागदपत्रे असलेल्या संगणकावर तो मान्य करता येत नाही. बातम्या मोबाइलवर वाचाव्यात आणि आवडत्या दैनिकाची वर्गणी भरावी.

राउटरमध्ये डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा ठिकाणा शोधून देणाऱ्या सेवेचा, पत्ता बदलून क्वाड-नाइनचा ९.९.९.९ लावला. घातक म्हणून नोंदवलेली संकेतस्थळे ही मोफत सेवा उघडूच देत नाही आणि राउटरला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला तिचा लाभ होतो. नुकतेच नोंदवलेले खोटे संकेतस्थळ तिच्या यादीत नसू शकते, म्हणून तिच्यावर एकटीवर भिस्त नाही.

विंडोजमध्ये रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकाराची दोन खाती केली, एक चालकांचे आणि एक मुलीचे. सर्वाधिकाराचे खाते वेगळे ठेवले आणि त्याचा पासवर्ड फक्त चालकांकडे. आता काही बसवायचे असेल तर पासवर्ड मागितला जातो, आणि तो टाकण्यासाठी माणसाला थांबावेच लागते. थंब मशीनच्या ड्रायव्हरची उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घेतलेली प्रत एका फोल्डरमध्ये ठेवली, म्हणजे तो पुन्हा शोधावा लागणार नाही. फाइलच्या नावाचे शेवटचे टोक दिसेल अशी सोय केली. संकेतस्थळांना सूचना दाखवण्याची परवानगी मागताच येणार नाही, असे ब्राउझरच्या सेटिंगमध्ये लावले. रोजची पोर्टले बुकमार्क करून पट्टीवर मांडली, म्हणजे पोर्टलसाठीही शोधाचे पान उघडायला नको. पासवर्ड ब्राउझरमधून काढून मुख्य पासवर्डने बंद होणाऱ्या कीपासएक्ससी या सॉफ्टवेअरमध्ये ठेवले. अर्ज मंजूर झाल्यावर कागदपत्रांच्या प्रती पुसण्याचा नियम केला आणि शक्य तिथे शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार घ्यायचे ठरले.

मुलीसोबत मी वेगळा बसलो, कारण अशा केंद्रात संगणकासमोर सर्वाधिक वेळ मदतनीसच असतो आणि प्रशिक्षण मात्र चालकाला दिले जाते. तिला भोंग्याचे पान बंद करून दाखवले आणि एक नवा डाव समजावला, ज्यात पान सांगते की यंत्रमानव नसल्याची खात्री करण्यासाठी विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. या तीन पायऱ्यांत माणूस पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेली घातक आज्ञा स्वतःच्या हाताने चिकटवून चालवतो आणि त्यामुळे कोणतीही फाइल उतरवावी लागत नाही. लुमा नावाची माहितीचोर प्रणाली अशाही वाटेने पसरली होती; मे २०२५ मध्ये तिची यंत्रणा मोडून काढण्यात आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने दोन महिन्यांत तिची लागण झालेले ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणक मोजले होते. “म्हणजे कुठलंही पान कीबोर्डवर काही दाबायला सांगायलंय तर दाबायचंच नाही ना, सर?” असे तिने विचारले. तिने स्वतःच्या शब्दांत मांडलेला हा नियम बरोबर आहे आणि तोच तिच्या वहीत लिहून ठेवला आहे.

आजची स्थिती

ई-मेल पूर्णपणे परत ताब्यात आहे आणि त्यानंतर अनोळखी लॉगिनची नोंद नाही. राहिलेला कच्चा दुवा दुसऱ्या संगणकाचा आहे. त्याचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची मर्यादित मुदतीची योजना आहे, पण ती कायमची सोय नव्हे. तूर्त त्या संगणकाचे इंटरनेट काढून त्यावर फक्त प्रिंट आणि टंकलेखनाची कामे होतात. नवे यंत्र पुढच्या खरिपाआधी घ्यायचे ठरले आहे आणि त्यासाठी चालकांनी महिन्याला थोडी रक्कम बाजूला काढायला सुरुवात केली आहे.